रास्पुतिन : दंतकथा किती, सत्य किती

रशियाच्या राजदरबारांतील ग्रेगोरी रास्पुतिन याचें नांव पुष्कळ वाचकांनीं ऐकलें असेल, आणि वेडा संन्यासी हें त्याचें बिरुदही. परंतु तो संन्यासी नव्हता; त्यास धर्मगुरूची दीक्षाही कधीं मिळाली नव्हती. १८६९ सालीं सैबेरियांतील पोक्रोव्हस्कोये या खेड्यांत जन्मलेला तो बायकोमुलांचा शेतकरी होता. मठांच्या यात्रा करतां करतां तो उपदेशक म्हणून नांवारूपास आला, व १९०५ सालीं त्याची झार निकोलस व राणी अलेक्झांद्रा यांच्याशीं भेट झाली.

राजपुत्र अलेक्सी यास जन्मापासून असा रोग होता कीं, लहानशा इजेनेंही सुरू झालेला रक्तस्राव थांबत नसे. वैद्यांजवळ उपाय नव्हता. १९१२ सालीं पोलंडांतील स्पाला येथें मुलगा मरणाच्या दारीं पोंचला. त्यास शेवटचा धर्मविधिही देण्यांत आला. राणीनें सैबेरियास तार केली. मुलगा मरणार नाहीं, डॉक्टरांनीं त्यास फार त्रास देऊं नये, असें उत्तर आलें, आणि मुलगा सांवरला. कोणी यास चमत्कार म्हणतात. कोणी म्हणतात, दुखणें आपोआपच उतरणीस लागलें होतें. रोग मात्र गेला नाहीं, हें विसरूं नये. आजारी लेंकराच्या उशाशीं ज्यांनीं रात्री काढल्या आहेत, त्यांस राणीचा विश्वास समजेल. मला तरी तिला हंसवत नाहीं.

राणीशीं त्याचा अनीतीचा संबंध होता, यास पुरावा नाहीं. तो जर्मनांचा हेर होता, हेंही सिद्ध झालें नाहीं. त्याचें मद्यपान व स्त्रियांशीं वर्तन यांविषयींच्या तक्रारी मात्र सर्वच निराधार म्हणतां येत नाहींत. १९१५ सालीं झार स्वतः सैन्याचा सेनापति झाल्यावर मंत्र्यांच्या नेमणुकींत रास्पुतिनाचा शब्द राणीमार्फत चाले, हेंही खरें.

डिसेंबर १९१६ मध्यें युसुपोव्ह नामक सरदारानें सोबत्यांसह त्यास पेट्रोग्राडांतील आपल्या वाड्यांत बोलावून ठार केलें. विष पचलें, गोळी लागूनही तो उठून पळाला, ही कथा मुख्यतः मारणाऱ्यांनींच सांगितलेली आहे. नदींतून काढलेल्या प्रेताच्या तपासणींत गोळ्यांच्या तीन जखमा आढळल्या; मृत्यु बुडून नव्हे, गोळीनें झाला होता.

अडीच महिन्यांत राज्य गेलें. जुलै १९१८ मध्यें एकातेरिनबुर्ग येथें राजकुटुंबास तळघरांत नेऊन गोळ्या घालण्यांत आल्या. तेरा वर्षांच्या अलेक्सीस चालवत नव्हतें. बापानें त्यास उचलून खालीं नेलें होतें.