वर्गणीतून हक्क

डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटनाकार म्हणून सर्वविदित आहेत. कामगारांच्या आरोग्यविम्याशी त्यांचा असलेला संबंध मात्र सहसा स्मरला जात नाही. १८९१ साली महू येथे जन्मलेल्या आंबेडकरांचे उच्च शिक्षण कोलंबिया व लंडन येथे झाले, ते मुख्यतः अर्थशास्त्राचे. साहजिकच, एखाद्या सोयीचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न त्यांनी कधी टाळला नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात स्त्री-कामगारांच्या प्रसूतिलाभाचे विधेयक आले असता, श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकाने हा भार उचलणे न्याय्य असून सरकारनेही त्यात वाटा द्यावा, अशी भूमिका त्यांनी मांडली.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूरमंत्री झाले. त्यांच्याच कारकीर्दीत, मार्च १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम प्रा. भा. पु. आदारकर यांच्याकडे सोपविण्यात आले. १९४४ साली त्यांचा अहवाल सादर झाला. सक्तीची वर्गणी हा त्या योजनेचा कणा होता. वर्गणी ऐच्छिक ठेवली, तर निरोगी माणूस बाहेर राहतो आणि आजाऱ्यांचा भार आजाऱ्यांवरच पडतो. उलट, वर्गणी भरणारा दवाखान्यात याचक म्हणून नव्हे, तर हक्कदार म्हणून जातो. १९४६ साली आंबेडकरांनी ते पद सोडले. कायदा झाला तो एप्रिल १९४८ मध्ये. १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. १९५६ साली त्यांचे निधन झाले.

कायदा संमत झाला तेव्हा नांदेड-लातूरचा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. मुक्तीनंतरही या भागाच्या वाट्याला योजनेची उणी बाजूच अधिक आली. बारमाही चालणारी नांदेडची उस्मानशाही कापडगिरणी तिच्या चौकटीत बसणारी. पण ती बंद पडली. जिनिंग-प्रेसिंग, भुईमूग फोडणे, साखर व गूळ तयार करणे हे उद्योग मात्र हंगामी ठरवून वगळण्यात आले. मराठवाड्याच्या औद्योगिक जीवनात याच उद्योगांना महत्त्वाचे स्थान राहिले. २०१९ पासून वेतनाच्या अवघी पाऊण टक्का वर्गणी कामगाराची आणि सव्वातीन टक्के मालकाची, असा हिशेब आहे. तथापि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखान्यांचा अपवाद कायम ठेवला.

हंगाम संपतो, आजार संपत नाही. काम जेवढे महिने चालेल तेवढ्या महिन्यांची वर्गणी घेऊन वर्षभराचे संरक्षण देणे हिशेबाला अवघड असेल, अशक्य नाही. आंबेडकरांच्या या कार्याचे खरे स्मरण तो हिशेब मांडण्यातच आहे.