जॉन हेन्री स्टील
जॉन हेन्री स्टील (१८५५–१८९१) हे ब्रिटिश पशुवैद्य, ग्रंथकार आणि मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य होते. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजात शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी तेथेच शरीररचनाशास्त्र शिकवले. पुढे ते लष्करी पशुवैद्यकीय सेवेत भारतात आले.

१८८५ मध्ये त्यांनी ब्रह्मदेशातील लष्करी खेचरांना होणाऱ्या सर्रा या घातक रोगाचा अभ्यास केला. रोग्यांच्या रक्तातील परजीवीला त्यांनी त्याचे आद्य संशोधक ग्रिफिथ एव्हान्स यांचे नाव दिले. स्टील यांनी केलेले त्याचे वर्गीकरण पुढे चुकीचे ठरले. एव्हान्स यांचे नाव मात्र टिकले.

२ ऑगस्ट १८८६ रोजी परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयाच्या आवारात महाविद्यालय सुरू झाले. त्यामुळे विद्यार्थ्यांना ग्रंथांबरोबर प्रत्यक्ष आजारी जनावरांवरून रोगनिदान शिकता आले. लष्करी पशुवैद्यकाचा भर घोड्यांवर असताना स्टील यांनी गुरे व हत्ती यांच्या रोगांवर लेखन केले. १८८८ मध्ये कुत्र्यांच्या रोगांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

चाळिशी गाठण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ ब्रिटनमध्ये पदक दिले जाऊ लागले. त्यांचे महाविद्यालय आज महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे.