दारूबंदीच्या छायेत वाढलेला ‘वरदाभाई’

चेन्नई : मुंबईच्या गुन्हेगारी विश्वात ‘वरदाभाई’ म्हणून दरारा असलेल्या वरदराजन मुदलियार याचा मृत्यू जानेवारी १९८८ मध्ये या शहरात, तत्कालीन मद्रासमध्ये, झाला. १९२६ मध्ये जन्मलेला हा तमिळ तरुण पोटासाठी मुंबईत आला आणि व्हिक्टोरिया टर्मिनस स्थानकावर हमाली करू लागला.

१९४९ मध्ये मुंबई दारूबंदी कायदा संमत झाला. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात अशाच बंदीवर शिकागोतील अल कपोनची टोळी पोसली गेली होती. मुंबईतही दुकाने बंद झाली, मागणी मात्र कायम राहिली. धारावी परिसरातील दाट वस्त्यांत हातभट्ट्या पेटल्या आणि त्या धंद्यावर वरदराजनने पकड बसवली. गावठी दारूच्या पैशातून टोळी उभी राहिली. पुढे तिने तस्करीतही हातपाय पसरले.

शासनयंत्रणा जिथे पोहोचत नव्हती, तिथे तो गरीब तमिळांचा पाठीराखा ठरला. त्यांचे तंटे तो सोडवी. माटुंग्यातील त्याच्या गणेशोत्सवाला मोठी गर्दी लोटत असे. मात्र, या दातृत्वामागील पैसा त्याच वस्त्यांतील श्रमिकांच्या व्यसनातून येत होता.

१९८० च्या दशकात पोलीस अधिकारी य. च. पवार यांनी अड्ड्यांवर कारवाईचा धडाका लावला. साम्राज्य खिळखिळे होताच वरदराजन मद्रासला परतला. त्याच्या जीवनावरून प्रेरित ‘नायकन’ हा तमिळ चित्रपट १९८७ मध्ये झळकला आणि काही महिन्यांतच त्याचा मृत्यू झाला. अंत्यसंस्कारासाठी पार्थिव मुंबईला नेण्यात आले.

दरम्यानच्या काळात परवाना पद्धतीमुळे महाराष्ट्रातील दारूबंदी शिथिल झाली होती. तिच्या आडोशाने उभ्या राहिलेल्या टोळ्या मात्र मुंबईत रुजल्या होत्या.