तुकोबांचे रूप आणि विष्णुपंत पागनीस

दोन वर्षांमागे आमच्या गावच्या मठात एक तंटा उभा राहिला. निमित्त झाले एका तसबिरीचे. माघ शुद्ध दशमी म्हणजे बाबाजी चैतन्यांनी तुकोबारायांस स्वप्नात अनुग्रह दिला तो दिवस. त्या दिवशी सप्ताहाची समाप्ती व्हायची आणि मठात तुकोबांची नवी तसबीर लावायची, असे ठरले होते. तालुक्याच्या चिताऱ्याने तसबीर आणली. कपाळी गंध, डोक्यास पागोटे, गळ्यात तुळशीची माळ, हाती वीणा. दृष्टी किंचित वर लागलेली. सर्वांनी हात जोडले. तेवढ्यात कोणी तरी मागून म्हणाले की हे तुकोबा नव्हेतच, हे सिनेमातले पागनीस आहेत!

झाले! अर्धी मंडळी म्हणू लागली की नटाची छबी देव्हाऱ्यात नको. अर्धी म्हणाली की आमच्या बापजाद्यांनी याच रूपापुढे माथा टेकला. शेवटी निवाडा आमच्याकडे आला. आम्ही रात्रीपुरती सवलत मागितली आणि दुसऱ्या दिवशीच्या काल्याच्या कीर्तनाआधी विष्णुपंतांचे चरित्र श्रोत्यांपुढे ठेवले. ज्याच्या मुखाविषयी तंटा, तो मनुष्य कोण होता हे ठाऊक असल्याशिवाय निवाडा कसा व्हावा? तेच चरित्र येथे लिहून काढतो.

विष्णुपंत पागनीस यांचा जन्म १ नोव्हेंबर १८९२ चा. गाव चिकोडी. ते त्या वेळी मुंबई इलाख्याच्या बेळगाव जिल्ह्यात होते, आज कर्नाटकात आहे. मुलाचा गळा गोड होता. तो काळ संगीत नाटकांचा. बाया रंगभूमीवर येत नसत, म्हणून गोड गळ्याची, नाजूक चणीची मुले नाटक मंडळ्या हेरून नेत आणि त्यांच्याकडून स्त्रीभूमिका करून घेत. विष्णूही असाच लहान वयात कोल्हापूरच्या स्वदेश हितचिंतक नाटक मंडळीत गेला. लुगडे नेसावे, अंबाडा घालावा, पदर सावरावा आणि गावे. आज हे वाचून कोणास हसू येईल. पण त्या मुलांची साधना मोठी कठीण असे. पहाटे उठून गळा घासायचा, दिवसा तालमी, रात्री खेळ, आणि मुक्काम हलला की बैलगाडीत झोप.

पुढे वय वाढले आणि ती भूमिका सुटली. स्त्रीपार्टी नटाच्या आयुष्यात हा मोठा कठीण घाट असतो बरं का. आवाज फुटतो, अंग भरते, आणि काल ज्याला लोक डोक्यावर घेत होते तो आज कोणाच्या खिजगणतीत राहत नाही. कित्येकांची अशाने वाताहत झाली. विष्णुपंतांचा गळा शाबूत राहिला. त्यांनी मुंबईत संगीत शिकवण्याचे काम पत्करले, आणि भजनाची मंडळी जमवून ते भजने करू लागले. वंदे मातरम् हे राष्ट्रीय गीत त्यांनी सारंग रागात बांधले, त्याची ध्वनिमुद्रिकाही निघाली. नटाचा भजनी झाला. आमच्या मते त्यांच्या चरित्राचा मर्मभाग हाच आहे. कारण तुकोबांचे सोंग त्यांनी पुढे घेतले, टाळ मात्र आधीच हाती घेतला होता.

आता दुसऱ्या बाजूने कथा पाहू. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली आणि १९३३ साली ती पुण्यास आली. तिच्या चालकांत विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल हे दोन जिवलग मित्र होते. दामल्यांच्या हाती ध्वनीचे खाते, फत्तेलालांच्या हाती नेपथ्याचे आणि कलेचे. दोघेही मितभाषी, हातात हुन्नर असलेले. या दोघांनी मिळून तुकोबांचा बोलपट करायचे मनावर घेतले. कथा शिवराम वाशीकरांनी लिहिली, संगीत केशवराव भोळ्यांचे, आणि नवी पदे शांताराम आठवल्यांची. एक मुसलमान गृहस्थ तुकोबांचा बोलपट करतो याचे कोणास नवल वाटेल. पण श्रीगोंद्याच्या शेख महंमदांस संतमालिकेत बसवणाऱ्या वारकऱ्यास ते वाटण्याचे कारण नाही.

तुकोबा कोणी व्हावे? दामल्यांची नजर पागनिसांवर गेली. कंपनीतच शंका निघाली. ज्याने जन्मभर नायिका केल्या, ज्याच्या चालण्याबोलण्यात बायकी मार्दव मुरलेले, तो संसाराचे दिवाळे निघालेला, भंडाऱ्याच्या डोंगरावर उन्हातान्हात बसणारा वाणी कसा दिसणार? शंका वावगी नव्हती. परंतु दामल्यांनी धीर धरला आणि झाले उलटेच. जे मार्दव लोकांस दोष वाटत होते, तेच तुकोबांच्या अंगी क्षमा होऊन दिसले. बायको कडाडते आहे, सालोमालो कपट करतो आहे, वह्या इंद्रायणीत बुडाल्या आहेत, आणि या पुरुषाच्या मुखावर रागाची रेघ म्हणून नाही. राग गिळल्याचे ताठरपणही नाही. असे मुख हुकमी आणता येत नाही, महाराज.

आम्ही पाठशाळेत शिकलो तेव्हा भरतमुनींचे नाट्यशास्त्र थोडेबहुत वाचले होते. अभिनय चार प्रकारचा सांगितला आहे: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. हातवारे हे आंगिक, बोलणे-गाणे हे वाचिक, पागोटे-गंध-माळ हे आहार्य. ही तीन शिकून येतात किंवा पेटीतून काढता येतात. चौथा सात्त्विक. तो मन एकाग्र झाल्यावाचून उमटत नाही, कारण खरा अश्रू आणि खरा रोमांच आज्ञेने येत नाही. पागनिसांचे हातवारे पाहाल तर फार थोडे. तान नाही, मुरक्या नाहीत. भोळ्यांनी चाली भजनाच्या वळणाच्या ठेवल्या आणि पागनिसांनी त्या देवळात बसून गावे तशा गाइल्या. नाटकातली सारी गायकी ज्याच्या गळ्यात होती, त्याने ती बाजूस ठेवली. कीर्तनकारांनी हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आमच्यापैकी कित्येकांस एक तान आली की ती श्रोत्यांवर टाकल्यावाचून राहवत नाही.

त्यांच्यासमोर जिजाईच्या भूमिकेत गौरी नावाच्या बाई होत्या. प्रभातमध्येच किरकोळ कामे करणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या. त्यांची आवली अशी उतरली की आमच्या खेड्यातील कोणतीही सासुरवाशीण म्हणेल, ही माझीच कथा. घरी पोरे उपाशी आणि धनी देवळात. मग तिने देवास शिव्या द्याव्या नाही तर काय करावे? त्या बाईच्या खरेपणामुळे पागनिसांचे खरेपण उठून दिसले.

१२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल सिनेमात बोलपट लागला आणि वर्षाहून अधिक काळ, ५७ आठवडे, तिथून हलला नाही. १९३७ साली इटलीतील व्हेनिस येथे जगातील चित्रपटांचा जो मेळा भरला, त्यात निवडलेल्या तीन उत्तम चित्रपटांत त्याची गणना झाली. देहूच्या वाण्याचे नाव समुद्रापार गेले. पण खरे यश आपल्या खेड्यापाड्यांत. लोक वहाणा बाहेर काढून आत बसत, पडद्यावर तुकोबा आले की हात जोडत. विष्णुपंत रस्त्याने निघाले तर लोक त्यांच्या पायांस हात लावीत.

आम्हीही त्यातलेच. आठ-नऊ वर्षांचे असू. आमच्या जत्रेत तंबूचा सिनेमा आला होता. चित्रपट तेव्हाही जुनाच. फीत मधेच तुटे आणि पडद्यावर पाऊस पडल्यासारखा दिसे. आजीने तंबूच्या दाराशी वहाण काढली आणि पदराखालून नारळ काढून तिकीटवाल्याच्या हाती दिला. तो बिचारा गोंधळला. पण त्याने नारळ फोडला आणि खोबरे सर्वांस वाटले. शेवटी गरुडाचे विमान वर गेले, दिवे लागले, लोक उठले. आजी मात्र तशीच हात जोडून बसलेली. घरी येताना ती वाटभर काही बोलली नाही. तिला विचारले असते की तू पागनीस पाहिलेस की तुकोबा, तर तिला प्रश्नच कळला नसता.

येथवर सारे गोड झाले. आता कडू घोटही सांगितला पाहिजे. या बोलपटात बीज आणि वृक्ष यांचा दृष्टान्त असलेले एक पद आहे. पागनिसांनी ते अशा भावाने गाइले आहे की ऐकणाऱ्यास तो तुकोबांचाच अभंग वाटावा. आम्हांसही तसेच वाटे. तिशीत असताना एका फडावर भर कीर्तनात आम्ही ते तुकोबांचे प्रमाण म्हणून म्हटले. कीर्तन संपल्यावर एक वृद्ध वारकरी जवळ आले आणि त्यांनी नम्रपणे विचारले, की महाराज, गाथ्यात हा कितवा अभंग? आम्ही सकाळी सांगतो म्हटले. रात्रभर कंदिलापाशी गाथा चाळला. नाही सापडला. तो आठवल्यांनी १९३६ च्या सुमारास बोलपटासाठी रचलेला. सकाळी त्या म्हाताऱ्यासमोर जाताना जी लाज वाटली ती आजही आठवते. तुकोबांची कविता आपल्या नावावर खपवणारा म्हणून सालोमालोस आपण हसतो. आम्ही दुसऱ्याची कविता तुकोबांच्या नावावर खपवली होती. यात आठवल्यांचा दोष नाही की पागनिसांचा नाही. दोष आमचा, की गाथ्याचा अभ्यास कच्चा असताना पडद्यावरून प्रमाण उचलले.

म्हणून चित्रपटाची मर्यादाही जाणली पाहिजे. सुमारे सव्वादोन तासांत तुकोबा मावणार कसे? वडील बोल्होबा, आई कनकाई, विरक्त होऊन गेलेले थोरले सावजी, दुष्काळात अन्नावाचून गेलेली पहिली बायको, पाठोपाठ गेलेला संतू. मग भामचंद्राचा डोंगर, वाघोलीच्या रामेश्वरभटांचा विरोध, इंद्रायणीकाठचे तेरा दिवसांचे उपोषण, आणि त्याच रामेश्वरभटांनी पुढे धरलेले पाय. देहूत छळ करणारे मंबाजी गोसावी चरित्रकार महिपतींनी सांगितले आहेत. बोलपटात सारे कपट सालोमालोच्या माथी आले आहे. कथाकाराला इतके करावे लागते, कीर्तनकारही आख्यान लावताना करतो. परंतु चरित्र हवे असेल त्याने महिपतींकडे जावे आणि तुकोबा हवे असतील त्याने गाथ्याकडे.

पागनिसांचे पुढील आयुष्य थोडेच. या भूमिकेनंतर लोकांनी त्यांस दुसऱ्या रूपात पाहावयाचे जणू नाकारले. १९३९ साली ते तुलसीदास झाले, १९४० साली गुजराथचे नरसी भगत झाले, १९४३ साली महात्मा विदुर. भूमिका साऱ्या भक्तांच्या. पण लोकांच्या ओठी राहिले ते तुकारामच. ३ ऑक्टोबर १९४३ रोजी विष्णुपंतांनी देह ठेवला. वय एक्कावन्नही पुरे नव्हते. लुगडे नेसून सुरू झालेला प्रवास वीणा घेऊन संपला.

असो. आता निवाड्याकडे येऊ. पाठशाळेतले आमचे गुरुजी कडक होते. वेतन घेऊन सोंग आणणाऱ्याचे मुख पूजेस ठेवू नये, असे त्यांचे मत होते, आणि आम्ही पुष्कळ वर्षे तेच मत मिरवले. पण नाथबाबांनी भारुडात वासुदेव, जोशी, गोंधळी यांची सोंगे आणलीच ना? आणि आम्ही कीर्तनकार उत्तररंगात कधी आवली होतो, कधी रामेश्वरभट होतो, वर नारळ आणि दक्षिणाही घेतो. मग वेतन घेतले म्हणून पागनिसांस बाहेर काढणारे आम्ही कोण? सोंग कोणाकडे नेते एवढेच पाहावे. आजीस त्या सोंगाने पागनिसांकडे नेले नाही, देहूस नेले. त्या जत्रेनंतर तिने आमरण देहूची बीज चुकवली नाही.

आम्ही सभेत सांगितले की तसबीर राहू द्यावी. मात्र दोन गोष्टी कराव्या. तसबिरीखाली चौरंगावर गाथा ठेवावा आणि रोज सायंकाळी त्यातील पाच अभंग वाचावे, म्हणजे मुख कोणाचेही असो, शब्द तुकोबांचे कानी पडतील. आणि बोलपटातले पद मठात म्हणायचे तर रचणाऱ्याचे नाव घेऊन म्हणावे. मागे बसून पागनिसांचे नाव ज्याने काढले होते, त्यानेच उठून पहिल्या दिवसाचे वाचन मागून घेतले. तंटा तेथेच मिटला.

तसबीर आजही मठात आहे. वाचन दोन वर्षांत खंडले नाही. पावसाळ्यात चार-पाचच माणसे येतात, पण येतात. माघ दशमीस सप्ताह झाला की आम्ही मुलांस दोन शब्दांत विष्णुपंतांची कथा सांगतो, आणि मग सारे मिळून रामकृष्णहरि म्हणतो. वाचकहो, तुमच्या घरच्या भिंतीवर तुकोबांची तसबीर असेल. आज दिवा लावताना तिच्याकडे नीट पाहा. ते मुख पागनिसांचे वाटले तर त्या गुणी भजन्याचेही स्मरण करा, आणि मग खाली बसून गाथा उघडा.