गोमंतकीय सुवर्णकार रवळू शेट

देवस्थानाच्या स्मरणिकेत एखाद्या पूर्वजाचे चरित्र असावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. बहुधा ते स्वामींचे, विद्वान शास्त्र्यांचे अथवा दानशूर यजमानांचे असते. प्रस्तुत लेखात मात्र एका कारागिराचे चरित्र महाजन बंधुभगिनींपुढे ठेवण्याचे योजिले आहे. दुर्गदबैल म्हणजे दुर्गापुढील मोकळे पटांगण. हुबळीतील या गजबजलेल्या पेठेच्या आसऱ्याने राहून ज्या गोमंतकीय घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बागेसरीपुढे बसून संसार केले, त्यांच्या घरी रवळू शेट हे नाव कानावर आलेले असतेच. एक सोनार राजाच्या बोलावण्यावरून पोर्तुगालला गेला होता, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्यापलीकडचा वृत्तान्त सुसंगतपणे सांगावा, हा या लेखाचा हेतू.

प्रथम नावाविषयी. रवळू हे नाव रवळनाथावरून आलेले. गोमंतकात व कोकणात ग्रामदेवतेचे नाव मुलाला ठेवण्याची रीत जुनी आहे. शेट ही सोनार घराण्यांची उपाधी आजही प्रचारात आहे. पोर्तुगीज लेखनिकांनी तिचे शातीं असे रूप केले आणि त्यांच्या कागदांत हा पुरुष रवळू शातीं या नावाने नोंदला गेला. नवा धर्म स्वीकारणाऱ्यास त्या काळी पोर्तुगीज नाव मिळत असे. ज्याअर्थी याचे नाव बदलले नाही, त्याअर्थी तो आपल्या कुळधर्मात राहूनच राजदरबारी वावरला, हे उघड आहे.

रवळू शेटच्या हयातीतच गोव्याची राजवट पालटली. आदिलशाही अंमलातील हे बेट आफोंसो द आल्बुकेर्क याने १५१० सालच्या प्रारंभी घेतले, काही महिन्यांतच ते गमावले आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबर रोजी पुन्हा जिंकले. नवा राज्यकर्ता आला की पहिली गरज नाण्यांची असते. आल्बुकेर्कने १५१० मध्येच गोव्यात टांकसाळ सुरू करून राजा दों मानुएल याच्या नावाने सोन्याची, चांदीची व तांब्याची नाणी पाडविली. त्यांतील चांदीच्या नाण्यास एश्फेरा व तांब्याच्या नाण्यास लेयाल म्हणत. धातू गाळणे, त्याचा कस लावणे, वजन राखणे ही कामे जाणणारे हात शहरात अगोदरपासून होते. ते सोनारांचे होते.

गोव्याच्या मातीत सोन्याची खाण नव्हती, पण बंदर मोठे होते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील सोफाळ्याचे सोने, होर्मुझकडील मोती, सिंहलद्वीपाचे नीलमणी, पेगूचे माणिक आणि विजयनगरच्या बाजारातील हिरे या ना त्या वाटेने येथे येत. त्यामुळे गोव्याच्या सोनारापुढे नाना देशींचा माल आणि नाना तऱ्हेची गिऱ्हाइके येत. अशा पेठेत वाढलेल्या कारागिराचा हात जितका तयार होई, तितकीच त्याची नजरही.

हा हात कसा तयार होतो, हे आपल्या जुन्या मंडळींना सांगावयास नको. तथापि तरुण वाचकांसाठी थोडे लिहितो. सोनाराच्या मुलाच्या हाती प्रथम येते ती फुंकणी. ज्योत कोठे बोथट ठेवावी व कोठे टोकदार करावी, हे समजण्यातच कित्येक महिने जातात. मग जंतरातून तार ओढणे. एकेका भोकातून तार बारीक होत जाते आणि ओढता ओढता ताठर बनते. तिला वेळीच तापवून मऊ केले नाही तर ती तुटते. त्यानंतर पत्रा ठोकणे, ठसा उठविणे, रवे पाडणे, जडाव करणे आणि सर्वांत शेवटी नक्षी स्वतःच्या मनाने बेतणे. नक्षी शेवटी येते याचे कारण, धातू काय सोसेल हे हाताला कळल्याखेरीज काढलेली नक्षी कागदावरच राहते.

याहून कठीण विद्या धातूंच्या मिश्रणाची. निखळ सोने इतके मऊ असते की रोज वापरावयाचा दागिना त्याचा टिकत नाही. म्हणून त्यात चांदी व तांबे मिसळावे लागते. तांब्याने रंग लालसर होतो व कठीणपणा येतो, चांदीने रंग फिकट होतो. चांदी ९६१ अंश सेल्सिअसला वितळते, सोने १०६४ ला आणि तांबे १०८५ ला. मात्र हे तिन्ही योग्य प्रमाणात एकत्र केले असता ते मिश्रण निखळ सोन्याच्या बऱ्याच आधी पाघळते. सोनाराचा डाग याच गुणावर चालतो. दागिना शाबूत राहावा आणि सांध्यातला डाग तेवढा पाणी होऊन पसरावा, यासाठी डागाचे सोने निराळे बनवावे लागते आणि टाकणखार लावून सांधा स्वच्छ राखावा लागतो. एक क्षण अधिक झाला तर आठवड्याचे काम गोळा होऊन पडते. रवळू शेटच्या काळी अंश मोजण्याचे यंत्र नव्हते. तापलेल्या धातूचा रंग पाहणारा डोळा हेच त्याचे यंत्र होते.

आल्बुकेर्कने रवळू शेटकडून आपल्यासाठी कामे करवून घेतली आणि त्या कामांमुळे त्याचा लौकिक लिस्बनला दों मानुएल राजापर्यंत पोचला. आल्बुकेर्क स्वतः १६ डिसेंबर १५१५ रोजी गोव्याच्या बंदरात जहाजावरच वारला. आश्रयदाता गेला की कारागिराचे दिवस फिरतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे. येथे तसे झाले नाही. १५१८ साली रवळू शेट लिस्बनला राजाच्या कामासाठी गेला.

त्या काळी हिंदुस्थानातून पोर्तुगालला नवलाच्या वस्तू जात असत. गुजरातच्या सुलतानाने आल्बुकेर्कला दिलेला एक गेंडा १५१५ च्या मे महिन्यात लिस्बनला पोचला, तेव्हा तो पाहण्यासाठी लोक लोटले. पुढे राजाने तो पोपकडे रवाना केला आणि वाटेत जहाज बुडून ते जनावर मेले. ड्यूरर या जर्मन चित्रकाराने केवळ वर्णन व रेखाटन यांवरून काढलेले त्याचे चित्र जगप्रसिद्ध आहे. त्यानंतर तीन वर्षांनी रवळू शेट त्याच सागरी वाटेने गेला. गेंडा प्रदर्शनासाठी गेला होता. आमचा कारागीर आपल्या हातातील विद्येवर गेला.

हा प्रवास सोपा नव्हता. जहाजे हिवाळ्यात हिंदुस्थानचा किनारा सोडीत, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालीत आणि सुमारे सहा महिन्यांनी लिस्बनला लागत. परतीची जहाजे मार्च-एप्रिलच्या सुमारास निघून पावसाळा ओसरताना गोव्यास पोचत. वादळ, रोगराई व गोड्या पाण्याची टंचाई ही नित्याचीच. शिवाय समुद्र ओलांडणे शास्त्राने निषिद्ध मानलेले. अन्नपाण्याचा विटाळ, परत आल्यावर ज्ञातीत घेतील की नाही याची धास्ती, घरच्या कुलदेवतेपासून पडणारे अंतर, या सर्वांचे ओझे अशा माणसाच्या मनावर केवढे असेल, याची कल्पना करणे आज कठीण आहे. तरीही तो गेला.

तेजो नदीच्या मुखातून जहाज आत शिरते, तेथे बेलेंचा बुरूज त्याच सुमारास बांधून पुरा होत आला होता आणि जवळच जेरोनिमुश मठाचे प्रचंड काम चालू होते. राजाचा वाडा नदीकाठीच होता व हिंदुस्थानच्या व्यापाराची कचेरीही तेथेच होती. युरोपच्या सोनारकामाचा एक अपूर्व नमुना त्या शहरात होता. वास्को द गामाने १५०३ साली किल्व्याच्या खंडणीचे सोने आणले. त्यातून राजाने जिल व्हिसेंत या सुवर्णकाराकडून १५०६ मध्ये बेलेंच्या मठाचे मीनाकाम केलेले पूजापात्र घडवून घेतले. ते आजही लिस्बनच्या प्राचीन कला संग्रहालयात पाहावयास मिळते. ज्या राजाने असे काम करवून घेतले होते, ज्याच्या पदरी असे कुशल सुवर्णकार होते, त्याने सहा महिन्यांच्या वाटेवरून गोव्याच्या सोनाराला आणविले. यापरते प्रशस्तिपत्र कोणते हवे?

लिस्बनमध्ये सुमारे दोन वर्षांचा काळ घालवून १५२० साली रवळू शेट गोव्याला परतला. राजाने त्याच्या सेवेची कदर करून त्यास विशेष हक्क दिले. दरबारात राहून ऐश्वर्य भोगण्याचा मोह अनेकांना पडला असता. याने आपली पेठ, आपले घर व आपले नाव राखले. पुढच्याच वर्षी, १३ डिसेंबर १५२१ रोजी, दों मानुएल निवर्तला.

त्यानंतरचा इतिहास आपल्या सर्वांच्या घराण्यांचा आहे. १५४० साली तिसवाडीतील देवळे पाडली गेली आणि भक्तांनी आपले देव नदीपलीकडे नेले. १५६० मध्ये इन्क्विझिशनचे न्यायासन गोव्यात स्थापन झाले. १५६७ च्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती पूजेच्या वस्तू हिंदू कारागिरांकडून करवून घेण्यास मनाई केली. ज्या हातांचे एका राजाने कौतुक केले, त्याच हातांना अर्ध्या शतकाच्या आत विटाळ ठरविण्यात आले. कित्येक कुटुंबे अवजारांची थैली घेऊन कारवार, कुमठे, शिरसी या मार्गाने दक्षिणेस व घाटावर पांगली. पण मनाई कागदावर करता येते. विद्या मात्र ज्याच्या हाती असते त्याच्याच हाती राहते. जुन्या गोव्यातील संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीचे चांदीकाम १६३७ च्या सुमारास पूर्ण झाले. संताच्या जीवनातील प्रसंग कोरलेल्या ३२ चांदीच्या पत्र्यांनी ती सजली आहे आणि ते काम गोमंतकीय कारागिरांच्या हातचे आहे.

येथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. त्या शवपेटीच्या कारागिरांची नावे लोकांच्या तोंडी नाहीत. स्वतः रवळू शेटच्या हातचा म्हणून निश्चित दाखविता येईल असा एकही दागिना आज आपल्यापुढे नाही. सोने वितळते, मोडीत जाते, नव्या रूपात पुन्हा घडते. तरीही पाचशे वर्षांनंतर त्याचे नाव आपण घेतो, ते केवळ राजाच्या कचेरीतील कोणा लेखनिकाने ते कागदावर लिहून ठेविले म्हणून. कारकुनी पेशात जन्म गेलेल्या प्रस्तुत लेखकास या गोष्टीचे विशेष वाटते. देवस्थानांच्या ज्या नोंदवह्या माझ्या पाहण्यात आल्या, त्यांत मुकुटाचे वजन तोळे, मासे व गुंजांपर्यंत नोंदलेले असते, अर्पण करणाऱ्या यजमानाचे नाव, गाव व तिथी असते. मुकुट घडविणाऱ्याचे नाव मात्र क्वचितच सापडते. आपणच आपल्या माणसांची नावे लिहिली नाहीत, मग इतरांस दोष कसा द्यावा?

आज दिवस पालटले आहेत. साच्यातून यंत्राने दागिने निघतात. जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांवर शुद्धतेची अधिकृत मुद्रा टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली, ही ग्राहकाच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट आहे. परंतु कसोटीवर रेघ ओढून कस सांगणारी नजर आणि हाताने तार ओढणारी बोटे घरोघर कमी होत चालली आहेत. मुले शिकून मोठी होतात, परदेशी जातात, याचा आनंदच आहे. रवळू शेटही समुद्रापार गेला होता. फरक इतकाच की, त्याने आपली विद्या बरोबर नेली आणि बरोबर परत आणली.

म्हणून महाजन मंडळींस दोन नम्र सूचना कराव्याशा वाटतात. आपल्या देवाची पालखी, प्रभावळ, मुकुट व उपकरणी ज्या ज्या कारागिरांनी घडविली किंवा उजळली, त्यांची नावे वयोवृद्धांना विचारून नोंदवहीत लिहून घ्यावीत. तसेच सुट्टीच्या दिवसांत ज्या मुलामुलींना आवड असेल, त्यांना एखाद्या जुन्या कारागिरापुढे महिनाभर तरी बसू द्यावे. फुंकणी धरता आली तरी पुष्कळ झाले. पुढचे हात आपोआप शिकतील.

रवळनाथाचे नाव धारण करून महासागर ओलांडणाऱ्या व त्याच नावाने स्वगृही परतणाऱ्या या थोर कलावंतास आदरांजली वाहून हा अल्पसा लेख देवचरणी अर्पण करतो.