कार्ल फॉन लिंडे : थंडावा देणारा इंजिनिअर आणि अमोनियाची शिस्त



बंदरावर मासळीवर टाकायचा बर्फ, शीतगृहातले बटाटे, डेअरीतलं थंड दूध. यामागे बऱ्याच ठिकाणी एकच वायू काम करत असतो, तो म्हणजे अमोनिया. कुठेतरी गळती झाली की त्याचं नाव बातमीत येतं आणि मग विसरलं जातं. या वायूला कारखान्यात मानाचं स्थान मिळवून देणाऱ्या कार्ल फॉन लिंडे यांची आज ओळख करून घेऊया.

जन्म आणि शिक्षण

लिंडे यांचा जन्म ११ जून १८४२ रोजी जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात बर्नडॉर्फ या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते आणि मुलानेही तोच मार्ग धरावा अशी घरची अपेक्षा होती. पण लिंडे यांचा ओढा यंत्रांकडे. १८६१ मध्ये ते स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाले. उष्णतेच्या शास्त्राचा पाया घालणारे रुडॉल्फ क्लॉसियस तिथे त्यांचे शिक्षक होते.

१८६४ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका आंदोलनात भाग घेतला म्हणून त्यांना संस्थेतून काढून टाकलं. पदवी मिळालीच नाही. तरीही फ्रांत्स रॉयलो या त्यांच्या प्राध्यापकांनी त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही, एका कापड गिरणीत उमेदवारी मिळवून दिली. पुढे बर्लिनला आणि मग म्युनिकच्या रेल्वे इंजिन कारखान्यात त्यांनी काम केलं. १८६८ मध्ये म्युनिकला नवं पॉलिटेक्निक सुरू झालं, तिथे ते शिकवू लागले आणि १८७२ मध्ये पूर्ण प्राध्यापक झाले. डिझेल इंजिनचे जनक रुडॉल्फ डिझेल हे त्यांचेच विद्यार्थी.

पहिलं यंत्र आणि त्यातला धोका

त्या काळी बिअर बनवणारे कारखाने हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापून तळघरात साठवत. हिवाळा सौम्य गेला की धंदा अडचणीत. लिंडे यांनी १८७० आणि १८७१ मध्ये कृत्रिम थंडाव्यावर लेख लिहिले, ते या कारखानदारांनी वाचले आणि पैसे पुढे केले.

तत्त्व साधं आहे. द्रवाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. ती वाफ दाबायची, गार करून पुन्हा द्रव करायची आणि पुन्हा उकळू द्यायची. हे चक्र चालू राहिलं की थंडावा मिळत राहतो.

लिंडे यांच्या पहिल्या यंत्रात मिथाइल ईथर होता. त्याने थंडावा मिळाला, पण तो पेट घेणारा आणि हवेत मिसळला तर स्फोट होऊ शकेल असा होता. शिवाय फिरत्या दांड्याजवळून तो गळायचा. यंत्र चालतंय ना, मग विका, असं लिंडे यांनी केलं नाही. त्यांनी वायू बदलला आणि यंत्राची रचनाही बदलली. अमोनिया त्याआधी फ्रान्सच्या फर्डिनांड कारे यांनी वेगळ्या पद्धतीच्या यंत्रात वापरला होता. लिंडे यांनी तो कॉम्प्रेसरच्या यंत्रात घेतला आणि दांड्याजवळची फट बंद करायला ग्लिसरीनचा उपयोग केला. हे यंत्र १८७६ मध्ये त्रिएस्त इथल्या ड्रेहर ब्रुअरीला दिलं गेलं. २१ जून १८७९ रोजी त्यांनी स्वतःची कंपनी स्थापन केली, त्यासाठी प्राध्यापकीही सोडली. १८९० पर्यंत ७४७ यंत्रं विकली गेली होती.

पुढे १८९५ मध्ये त्यांनी हवा द्रवरूप करण्याची पद्धत काढली आणि त्यातूनच हवेतला ऑक्सिजन वेगळा करण्याचा उद्योग उभा राहिला. १८९७ मध्ये सरदारकी मिळाली आणि नावात 'फॉन' आलं. १६ नोव्हेंबर १९३४ रोजी म्युनिक इथे त्यांचं निधन झालं.

अमोनिया : गुणी पण कडक

अमोनिया उणे ३३ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणून थंडाव्यासाठी उत्तम. पण ३० अंश तापमानात त्याला द्रवरूप ठेवायचं तर हवेच्या दाबाच्या सुमारे साडेअकरा पट दाब लागतो. म्हणजे पाइप, जोड, व्हॉल्व्ह सगळं भक्कमच हवं. तांबं आणि पितळ तो खातो, म्हणून पाइप पोलादी असतात. ओलावा दिसला की तिकडे धावतो, त्यामुळे डोळे, घसा आणि फुप्फुसं आधी भाजतात. हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग अमोनिया म्हणजे जिवाला धोका. मात्र त्याहून कितीतरी कमी असतानाच उग्र वास येतो. तो वास ही सूचना आहे, ती सवयीची होऊ देता कामा नये.

मग दुसरा वायू का नाही वापरला? वापरला की! १९२८ च्या सुमारास सीएफसी आले. ना वास, ना विष, ना आग. लोकांना वाटलं, प्रश्न सुटला. नंतर कळलं की ते ओझोनचा थर विरळ करतात आणि १९८७ च्या माँट्रिअल करारापासून त्यांचा वापर बंद होत गेला. अमोनिया ओझोनला धक्का लावत नाही. त्यामुळे मोठ्या शीतगृहांत तो आजही टिकून आहे.

म्हणून सुरक्षितता नुसती वायू निवडण्यात नसते, रोजच्या देखभालीत असते. कॉम्प्रेसरमधून येणारं तेल काढताना व्हॉल्व्ह जपून उघडणं, इन्सुलेशनखाली गंज चढलाय का बघणं, सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणं, वायू ओळखणारं यंत्र चालू ठेवणं, कामगारांना शिकवणं. अमेरिकेत १९९२ पासून सुमारे ४,५०० किलो किंवा जास्त अमोनिया असलेल्या ठिकाणी हे सगळं लेखी ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर कायदे कडक झाले. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांच्या यादीत अमोनिया आहे. साठा ठरलेल्या मर्यादेवर असेल तर आपत्कालीन योजना, तिची रंगीत तालीम आणि शेजारच्या लोकांना माहिती देणं, हे त्यात येतं. छोट्या बर्फ कारखान्याचा साठा मर्यादेखाली असू शकतो, पण शेजारच्या घरातल्या फुप्फुसांना मर्यादा समजत नाही.

वर्गात आणि घरी सांगण्यासारखं

शाळेजवळ बर्फाचा कारखाना किंवा शीतगृह असेल तर मुलांना एवढं पाठ असावं :

- उग्र वास आला की बघायला जायचं नाही, लांब जायचं.
- वारा कुठून येतोय ते झाडाच्या पानांवरून ओळखायचं आणि वाऱ्याच्या दिशेने न पळता आडव्या दिशेने बाहेर पडायचं.
- नाका-तोंडावर ओला रुमाल धरायचा.
- पांढरा धूर जमिनीलगत दिसला तर त्यात शिरायचं नाही.
- डोळ्यांत गेला तर निदान १५ मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवायचे आणि लगेच डॉक्टरकडे न्यायचं.

मोठ्यांनी आणखी एक काम करावं. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत विचारावं : आपल्या जवळच्या कारखान्यात अमोनिया आहे का, असेल तर गळती झाल्यावर शाळेला कोण कळवणार आणि मुलं कुठल्या दाराने बाहेर पडणार? उत्तर लिहून भिंतीवर लावावं. वर्षातून एकदा तालीम घ्यावी.