बांबूवरच्या खाचा : डीट्रिख ब्रँडिस आणि जंगलांची मोजणी

१८५६ सालचा पावसाळा. ब्रह्मदेशातील पेगू प्रांताच्या सागवनांतून एक हत्ती संथपणे वाट काढीत चालला आहे. त्याच्या पाठीवर बसलेल्या जर्मन गृहस्थाच्या डाव्या हातात बांबूच्या काही कांब्या आहेत आणि उजव्या हातात खिशात मावेल असा चाकू. वही बाहेर काढण्याची सोय नाही, कारण या पावसात कागदाचा लगदा होतो. वाटेच्या कडेला सागाचे झाड दिसले की तो नजरेनेच बुंध्याचा घेर अजमावतो आणि त्या आकारासाठी राखून ठेवलेल्या कांबीवर एक खाच पाडतो. कांब भरली की ती पाठीमागच्या पिशवीत जाते आणि नवी हातात येते.

या गृहस्थाचे नाव डीट्रिख ब्रँडिस. भारताचे पहिले वनमहानिरीक्षक म्हणून वनखात्याच्या इतिहासात ते अग्रस्थानी आहेत. अमेरिकेतील वनशास्त्राच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा आहे, याची माहिती मात्र येथे राहणाऱ्या आपल्यापैकी फार थोड्यांना असेल. आज बहुतेक प्रगत देश ठरावीक काळाने आपल्या वनसंपत्तीची राष्ट्रीय मोजणी करतात. झाडे किती, लाकूड किती, वाढ किती, कार्बन किती, याचा हिशेब मांडतात. त्या हिशेबाच्या पूर्वजांमध्ये पेगूमधील त्या खाचांची गणना करावी लागते. त्या हिशेबात काय धरले आणि काय राहून गेले, या प्रश्नाने ब्रँडिस यांचे उत्तरायुष्य व्यापले.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८२४ रोजी बॉन येथे झाला. वडील प्राचीन तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचे नामांकित प्राध्यापक. ग्रीसच्या तरुण राजाच्या दरबारी त्यांची नेमणूक झाली, तेव्हा मुलाच्या बालपणाची काही वर्षे अथेन्समध्ये गेली. पुढे कोपनहेगन, ग्योटिंगेन आणि बॉन येथे शिक्षण, आणि १८४९ पासून बॉन विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे अध्यापन. एरवी हे आयुष्य हर्बेरियमच्या कपाटांत शांतपणे सरले असते.

ते हिंदुस्थानकडे वळले विवाहामुळे. १८५४ साली त्यांनी रेचेल या विधवेशी विवाह केला. रेचेल या श्रीरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांच्या कन्या. हे तेच श्रीरामपूर, जेथे मार्शमन यांचे सहकारी विल्यम कॅरी यांनी मराठीचे व्याकरण आणि कोश छापले. रेचेल यांची बहीण सेनानी हेन्री हॅवलॉक यांची पत्नी. या नात्यातून ब्रँडिस यांचे नाव गव्हर्नर जनरल डलहौसी यांच्या कानी गेले, आणि जानेवारी १८५६ मध्ये पेगूच्या सागवनांचे अधीक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. वनशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते.

डलहौसी यांना घाई होती, आणि तिला कारण होते. सागाशिवाय जहाजे नव्हती. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली सागवानी जहाजे ब्रिटिश नौदलाने वर्षानुवर्षे वापरली होती. १८५३ पासून रेल्वेच्या रुळांखाली घालायच्या स्लीपरांची मागणीही सुरू झाली. शेजारच्या तेनासेरिम प्रांतातील साग खासगी ठेकेदारांच्या हाती दिल्यावर काही दशकांतच तो उजाड झाला होता. १८५२ च्या युद्धात जिंकलेल्या पेगूचे तसे होऊ द्यायचे नव्हते. ऑगस्ट १८५५ मध्ये सरकारने सागावर आपली मालकी जाहीर केली. पण मालकी सांगितलेल्या त्या रानात साग होता किती? याचे उत्तर कोणाकडेही नव्हते.

ब्रँडिस यांनी झाडांचे घेरानुसार चार वर्ग पाडले. सहा फूट किंवा त्याहून जास्त घेराची झाडे पहिल्या वर्गात, साडेचार ते सहा फुटांची दुसऱ्या, दीड ते साडेचार फुटांची तिसऱ्या, आणि त्याखालची रोपे-झुडपे चौथ्या वर्गात. सगळे जंगल मोजणे अशक्य होते, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंचा पट्टा तेवढा मोजायचा आणि त्यावरून उरलेल्या क्षेत्राचा अंदाज बांधायचा. यानंतर त्यांनी विचारलेला प्रश्न अधिक महत्त्वाचा होता. दुसऱ्या वर्गातील झाड पहिल्या वर्गात जायला किती वर्षे लागतात? त्यांच्या अभ्यासानुसार उत्तर आले, २४. म्हणजे पहिल्या वर्गातील झाडांपैकी दरवर्षी चोविसावा हिस्सा तोडला, तर २४ वर्षांनी तो वर्ग संपेल तेव्हा त्याखालचा वर्ग त्याची जागा घेण्याइतका वाढलेला असेल. मुद्दल शाबूत ठेवून व्याजावर जगणाऱ्या माणसाचा हा हिशेब आहे. आज ज्याला शाश्वत उत्पादन म्हणतात, त्याचे उष्ण कटिबंधातील हे पहिले मोठे उदाहरण.

या पद्धतीत उणिवा होत्याच. हत्ती जाऊ शकेल अशा वाटेनेच मोजणी होत असे आणि जंगल काही वाटेच्या सोयीने वाढत नाही. आजचा संख्याशास्त्रज्ञ असा नमुना मान्य करणार नाही. पण खाच पडलेले झाड प्रत्यक्ष पाहिलेले होते. तोपर्यंतच्या सरकारी आकड्यांविषयी असे म्हणता येत नव्हते.

अंमलबजावणीतही त्यांनी बारकाईने लक्ष घातले. ओला साग पाण्यावर तरंगत नाही. त्यामुळे झाडाच्या बुडाशी साल आणि बाहेरचे लाकूड गोलाकार छेदून ते दोन-तीन वर्षे उभेच वाळू देतात आणि मग ओंडके नदीतून खाली सोडतात. कोणते झाड छेदायचे हे ठरवण्याचा अधिकार ब्रँडिस यांनी व्यापाऱ्यांकडून काढून वनखात्याकडे घेतला. मौलमीनचे लाकूड व्यापारी अर्थातच खवळले. कारेन आदिवासींची फिरती शेती हा दुसरा प्रश्न होता. सरकारच्या दृष्टीने ती जंगलाची नासाडी होती. ब्रँडिस यांनी तिला बंदी घालण्याऐवजी वेगळी तडजोड काढली. कारेनांनी जाळून साफ केलेल्या जमिनीत भातासोबत सागही लावायचा, पीक निघाल्यावर पुढे सरकायचे आणि मागे साग वाढत राहायचा. स्थानिक शब्दावरून ही पद्धत ‘टाउंग्या’ म्हणून जगभर पसरली. तडजोड चतुर होती, आणि तिचा मुख्य लाभ सरकारला झाला, हेही सांगितले पाहिजे.

१८६३ साली रेचेल वारल्या. पुढच्याच वर्षी, १८६४ मध्ये, ब्रँडिस हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. श्लिख आणि रिबेनट्रॉप हे तरुण जर्मन वनशास्त्रज्ञ त्यांनी १८६६ साली आणले आणि पुढे हेच दोघे क्रमाने त्यांच्या पदावर बसले. डेहराडूनची वनशाळा १८७८ मध्ये सुरू झाली. वायव्य आणि मध्य हिंदुस्थानातील वृक्षांवरील त्यांचा ग्रंथ १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. या काळात त्यांनी देशभर पायपीट केली, आणि या प्रवासातच त्यांना असे काही दिसले, जे पेगूच्या कांब्यांवर उमटले नव्हते. गावे स्वतःची राने राखीत होती. कूर्गमध्ये, राजपुतान्यात देवराया होत्या, तेथे कोणी कुऱ्हाड चालवीत नसे. चराई, सरपण, राब, मोह, बांबू यांची घेवाण पिढ्यानपिढ्यांच्या रिवाजाने चालत होती.

१८७० च्या दशकात नव्या वनकायद्याचा वाद पेटला तो याच मुद्द्यावर. बाडेन हेन्री बाडेन-पॉवेल (स्काउट चळवळीच्या संस्थापकाचे हे सावत्र बंधू) यांचे म्हणणे असे की, पौर्वात्य देशांत पडीक जमिनीचा धनी राजाच असतो. गावकरी जंगल वापरत असतील तर ती राजाची मेहेरबानी, त्यांचा हक्क नव्हे. आणि मेहेरबानी केव्हाही काढून घेता येते. मद्रासच्या महसूल मंडळाने नेमकी उलट बाजू घेतली. ब्रँडिस मध्ये उभे होते. महत्त्वाची निवडक वने सरकारने जरूर घ्यावीत, पण दीर्घकाळच्या वापराला हक्क मानावे, आणि राखीव वनांच्या जोडीने देशभर ग्रामवनांचे जाळे उभे करावे, असे त्यांचे मत होते. युरोपात शेतकऱ्यांचे वनहक्क हिरावले गेल्यावर काय घडले, हे त्यांना ठाऊक होते. १८७५ च्या त्यांच्या टिपणात ही मांडणी आहे.

ते हरले. १८७८ च्या कायद्यात वनांचे तीन प्रकार आले : राखीव, संरक्षित आणि ग्रामवन. पहिल्या दोन प्रकारांनी देश भरला, तर तिसरा जवळजवळ कागदावरच राहिला. शतक संपताना हिंदुस्थानच्या एक-पंचमांशाहून अधिक भूमीवर वनखात्याचा अंमल होता. या यंत्रणेचे शिल्पकार ब्रँडिसच होते, आणि तिला माणसांकडे पाहायला लावण्यात अपयशी ठरलेलेही तेच. काही लेखक त्यांना भूमिपुत्रांचे कैवारी ठरवतात, काही साम्राज्याचे लाकूडतोडे. मला दोन्ही वर्णने आळशी वाटतात.

महाराष्ट्रात या कायद्याचे चटके लवकरच जाणवू लागले. ब्रँडिस १८८३ साली निवृत्त झाले. त्याच वर्षी पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनी गायराने आणि डोंगर गिळणाऱ्या वनखात्यावर कोरडे ओढले आहेत. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत भाताच्या रोपांसाठी राब भाजायला लागणारा पालापाचोळा तोडण्यावर निर्बंध आले. तेथील असंतोष इतका वाढला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. लाकडाच्या हिशेबात राबाला रकाना नव्हता. कोकणातल्या शेतकऱ्याचे मात्र त्याच्यावाचून भात होत नव्हते.

निवृत्तीनंतर बॉनला परतलेल्या ब्रँडिस यांच्या दारी १८८९ साली गिफर्ड पिंचो नावाचा एक अमेरिकन तरुण आला. त्याला वनशास्त्र शिकायचे होते आणि अमेरिकेत ते शिकवणारी एकही संस्था नव्हती. ब्रँडिस यांनी त्याला फ्रान्समधील नान्सीच्या वनविद्यालयात धाडले आणि नंतरही पत्रांतून मार्गदर्शन केले. शिष्य अधिक काळ राहावा ही गुरूची इच्छा होती, पण शिष्याला घाई होती. तो वर्षभरातच परतला. १९०५ मध्ये अमेरिकेच्या वनसेवेचा पहिला प्रमुख झाला तो हाच पिंचो. येल विद्यापीठातील वनविद्यालयाचे पहिले संचालक हेन्री ग्रेव्ह्ज आणि उत्तर कॅरोलिनातील बिल्टमोर इस्टेटीवर वनशाळा काढणारे कार्ल शेंक यांच्याही घडणीत ब्रँडिस यांचा हात होता.

ऐंशी ओलांडल्यावर त्यांनी भारतीय वृक्षांवरचा मोठा ग्रंथ पूर्ण केला. तो १९०६ मध्ये निघाला आणि २८ मे १९०७ रोजी बॉनमध्ये त्यांचे निधन झाले. ब्रह्मदेशातील एका थोरल्या बांबूच्या जातीला त्यांचे नाव आहे. भारतात आज तिची लागवडही होते.

त्यांच्यानंतर मोजणीचे शास्त्र झपाट्याने पुढे गेले. नॉर्वेने १९१९ मध्ये, फिनलंडने १९२१ मध्ये आणि स्वीडनने १९२३ मध्ये देशव्यापी वनमोजणी सुरू केली. वाटेऐवजी आता नकाशावर आखलेल्या सरळ रेषांवरून माणसे चालत होती. अमेरिकेत १९२८ च्या कायद्याने असेच काम हाती घेतले गेले. येथे आज साधारण सहा हजार एकरांमागे एक कायमचा नमुना-भूखंड आहे. भारतात १९६५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने वनसंपत्तीचे सर्वेक्षण सुरू झाले आणि १९८१ मध्ये त्यातून भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उभी राहिली. जुलै २०२५ मध्ये नासा आणि इस्रो यांचा संयुक्त निसार उपग्रह श्रीहरिकोटाहून अवकाशात गेला. त्याच्या रडारलहरी पानांच्या छतातून आत शिरून जंगलातील जैवभाराचा अंदाज देऊ शकतात. अर्थात तो अंदाज पडताळण्यासाठी कोणीतरी रानात जाऊन बुंध्याला टेप लावावीच लागते.

२०२३ च्या भारतीय वनस्थिती अहवालानुसार देशाच्या २५.१७ टक्के भूमीवर वन आणि वृक्षाच्छादन आहे. या अहवालांत एक हेक्टरपेक्षा मोठा आणि १० टक्क्यांहून अधिक छत्र असलेला कोणताही तुकडा वनाच्छादन ठरतो, मग तेथे आंबराई असो, नारळाची बाग असो की सह्याद्रीची देवराई. आपल्यातील जे कार्बन-व्यवहारांच्या किंवा हवामान-निधीच्या क्षेत्रात काम करतात, त्यांच्या तक्त्यांत हेच आकडे येतात. त्या टक्केवारीतून रान कोणाचे, हे कळत नाही.

ते सांगणारा कायदा भारतात २००६ साली झाला. त्याखाली २००९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही तोडलेला बांबू बाहेर नेण्याचे परवाने वनखात्याच्याच हाती होते. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्याला गेले आणि त्या परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले गेले. तेव्हापासून आपल्या रानातून बाहेर जाणाऱ्या बांबूचा परवाना गावच लिहू लागले.